मूठभर कारळं

"तुमचा ग्राहक कोण?" मी विचारलं.

हौसाक्कानं मशीन थांबवलं नाही. चार लोखंडी मुसळं धाडधाड खाली येत होती, मिरचीची धूळ उडत होती आणि माझ्या नव्या लॅपटॉपच्या बटणांवर तांबडा थर बसत होता. तिनं कानावरचा पदर बाजूला केला.

"काय म्हनालास?"

"ग्राहक! गिऱ्हाईक! गिऱ्हाईक कोण तुमचं?"

तिनं दाराचा गोणपाटाचा पडदा हातभर सारला. बाहेर ओट्यावर तीन बायका आपापल्या डब्यांवर हात ठेवून बसल्या होत्या.

"ह्या काय."

"तसं नाही, अक्का. वयोगट, उत्पन्न, राहणीमान असं सगळं लिहावं लागतं."

"लिव की मग. वय इचारू व्हय त्यांस्नी?" आणि पडदा तसाच धरून ती ओरडली, "आगं ए सुशे, ह्ये रेडेकरांचं पोरगं तुजं वय इचारतंय!"

ओट्यावर हशा पिकला. मी शिंकलो. पुढचे दोन आठवडे मी शिंकतच होतो.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा होतो. नाव धैर्यशील, आणि नावातलं काहीही अंगात नव्हतं. पुण्यातल्या एका कॉलेजात दोन वर्षं टाय बांधायला आणि सोप्या गोष्टी अवघड करून सांगायला शिकून मी गडहिंग्लजला घरी परत आलो होतो, कारण पुण्यात मला कोणी विचारत नव्हतं. गावात मात्र जो तो विचारत होता, 'काय, लागली का कुठं?' त्यावर मी सांगायला लागलो की मी सल्लागार आहे. कसला, ते कोणी विचारलं नाही. गावाला तेवढी अक्कल नाही, असं मी मनाशी म्हणायचो.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला सगळ्याच गोष्टींचा तिटकारा होता. गावाचा, गावातल्या माणसांचा आणि सगळ्यात जास्त त्यांच्या चटणीचा. आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षाच्या बेगमीची, कांदा-लसूण घातलेली लाल चटणी. प्रत्येक घराला वाटायचं की आपल्यासारखी चटणी पंचक्रोशीत नाही. लग्नाच्या बैठकीत मुलीचं शिक्षण राहायचं बाजूला आणि 'आमच्या घराण्याची चटणी' सुरू व्हायची. आमच्या घरीही तेच. माझे वडील साखर कारखान्याच्या कचेरीत होते. रोज आमटीत भाकरी बुडवली की पहिल्या घासाला ते मान हलवून म्हणायचे, "आईची चव." माझी आजी जाऊन चौदा वर्षं झाली होती, तरी रोज हे वाक्य. आई काही बोलायची नाही, पण तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं ते मला चीड आणायचं. माणसं एवढ्याशावर खूश कशी राहू शकतात, हे मला कळत नव्हतं.

हौसाक्का चौगुले ही सगळी घराणी कांडून द्यायची. बायकांनी मिरची, मसाला, खोबरं सगळं भाजून-तळून आणायचं, हिनं मशीनमध्ये घालून कांडायचं. तिचं मशीन वीस वर्षांचं होतं. पट्टा सुटायचा, एक मुसळ अर्ध्यातच अडकून बसायचं, मग ती त्याला चपलेनं मारायची. त्यातच स्टँडसमोर एका कंपनीचं तयार मसाल्याचं चकचकीत दुकान झालं होतं. पाकिटावर नथ घातलेली बाई आणि खाली 'घरची चव'. दोन हंगामांत हौसाक्काची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे गेली. नवीन मशीन आलं नाही तर पुढच्या उन्हाळ्यात पडदा कायमचा खाली, हे तिलाही माहीत होतं. एका बँकेची महिलांसाठी योजना होती, त्यातून मशीन मिळणार होतं. पण अर्जाला 'विपणन आराखडा' जोडायचा होता. हौसाक्कानं तो शब्द तीन जणांना विचारला आणि तिसऱ्यानं तिला माझ्याकडे पाठवलं. माझी फी ठरली दोन किलो चटणी.

"मी सांगतो तसं लिवायचं," तिनं पहिल्या दिवशी बजावलं. आमच्याकडच्या बाया 'मी सांगतो, मी करतो' असंच बोलतात. पुण्याहून आल्यापासून मला त्याचीही लाज वाटायची.

तिच्याकडे एक रीत होती. एकीची चटणी कांडत असताना दुसरीनं पडद्याच्या आत यायचं नाही. कुणी काय किती घातलं, ते कुणाला कळता कामा नये. एक कांडप झालं की उखळात मूठभर खडेमीठ टाकून ती ते फिरवायची आणि पुसून काढायची, म्हणजे मागच्या घराचा वाससुद्धा पुढच्या घरात जाऊ नये. तयार चटणीची चिमूट जिभेवर ठेवायचा मान त्या घरच्या बाईचा. हौसाक्का स्वतः कधीही चाखायची नाही. मला मात्र आत बसायला परवानगी होती. पुरुषाला चटणीतलं काय कळतंय, अशी सगळ्या गावाची खात्री होती.

मी कोपऱ्यात पोत्यावर बसून लिहायचो. बलस्थाने, उणिवा, संधी, धोके. बलस्थानांच्या रकान्यात मी लिहिलं, 'अनुभव'. पुढं काही सुचेना. उणिवांचा रकाना मात्र भरभरून वाहत होता.

"स्पर्धक कोण?" मी विचारलं.

"त्ये स्टँडावरचं दुकान."

"त्यांच्यापेक्षा तुमच्यात वेगळं काय आहे?"

तिनं अडकलेल्या मुसळाला एक चप्पल मारली. मग म्हणाली, "त्यांच्या पाकिटावर जी बाई हाय, ती कुनाची आई न्हवं."

हे मी लिहिलं नाही. असलं आराखड्यात चालत नाही.

पाचव्या दिवशी देसायांची धाकटी सून आली. पंचविशीची असेल. पिशवी खाली ठेवून ती पडद्याच्या आत येऊन उभी राहिली, आणि मशीन बंद असतानाही कुजबुजत्या आवाजात बोलायला लागली.

"अक्का, सासूबाई गेल्या माघात. प्रमाण कुठं लिहून ठेवलेलं नाही. मी अंदाजानं केली, तर हे जेवेचनात. पहिल्या घासाला ताट सारतात. म्हणतात काही नाही, पण..."

हौसाक्कानं डोळे मिटले. एक हात उखळाच्या काठावर ठेवून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग एकेक आठवत असल्यासारखं सांगू लागली. "तीन किलो संकेश्वरी मिरची, दोन ब्याडगी. धनं किलोभर, पर कोवळं भाजायचं. खोबरं अर्धा किलो. कांदा उनात न्हाई, सावलीत वाळवायचा, तुजी सासू तसाच वाळवायची. आनि शेवटाला मूठभर कारळं. तव्यावर उडाय लागली की काढायची."

"कारळं?" सुनेनं विचारलं.

"व्हय. कुनाला सांगू नगंस. तुज्या सासूची खूण हाय ती."

सुनेचे डोळे भरून आले. ती पिशवी उचलून जवळजवळ पळतच गेली. मी हे सगळं ऐकलं आणि जांभई दिली.

चार दिवसांनी नलवड्यांची सून आली. सासू मागल्या दिवाळीत गेली होती. हौसाक्कानं डोळे मिटले, हात उखळावर ठेवला. तीन किलो संकेश्वरी, दोन ब्याडगी. धने कोवळे भाजायचे. कांदा सावलीत. आणि शेवटी मूठभर कारळं. तुज्या सासूची खूण हाय ती.

पुढच्या आठवड्यात कडगावची एक शिक्षिका आली. तिची सासू जिवंत होती, पण आता कुणाला ओळखत नव्हती. हौसाक्कानं डोळे मिटले. मी टाइप करायचं थांबवलं. ती बोलायच्या आधीच मला सगळं पाठ झालं होतं. कारळ्यांपर्यंत आल्यावर मला हसू आवरेना, म्हणून मी शिंक आल्याचं सोंग केलं.

शिक्षिका गेल्यावर मी म्हणालो, "अक्का, तीन घरांची एकच चटणी?"

ती मीठ टाकून उखळ पुसत होती. हात थांबला नाही.

"ऐकत हुतास व्हय."

"किती जणींना सांगितलंय असं?"

"मोजलं न्हाई. वीस वर्सं झाली. पन्नास-साठ झाल्या असत्याल."

"आणि हे प्रमाण कुणाचं?"

"माज्या आईचं."

मी खो-खो हसलो. सगळ्या गावाच्या घराण्यांचा टेंभा, सगळी मानापमानाची बोलणी, आणि आत एका चौगुल्यांच्या बाईच्या माहेरची कारळं! इतका आनंद मला पुण्यातल्या पदवीनंही दिला नव्हता.

हौसाक्का हसली नाही. फडकं झटकून माझ्यासमोर येऊन बसली.

"सासू मेली की तिचं प्रमान तिच्यासंगं जातंय. कोन आटवून ठिवनार? मी ठिवू व्हय, शंभर घरांचं? पर सून दारात हुबी ऱ्हाती. नवरा जेवत न्हाई म्हनून रडती. तिला काय सांगू, म्हाईत न्हाई मला, जा? मी माज्या आईचं सांगतो. ती घरला जाती, नवरा जेवतो, म्हनतो आईची चव आली. मग दोघंबी गप हुत्यात. माजं काय गेलं?"

"पण त्यांना फरक कळत नाही?"

"ज्याला आई पायजे आसती, त्याला कळत न्हाई."

मी हे ऐकून घेतलं. तिचं म्हणणं मला अजिबात समजलं नाही, पण ते मला मोठं गमतीचं वाटलं.

"धैर्या," ती म्हणाली, "ह्ये कागदावर घालायचं न्हाई. आन घे."

"घेतली."

"कुनाची?"

"तुमच्या कारळ्यांची," मी म्हणालो. तिनं माझ्याकडे बघितलं, मग उठून मशीन सुरू केलं.

आराखडा बावीस पानांचा झाला. रंगीत तक्ते, बाण, गोल. बँकेचे मगदूम साहेब भले माणूस होते आणि त्यांनी आयुष्यात कुठल्याही अर्जाचं दुसरं पान वाचलं नव्हतं. त्यांनी माझं पहिलं पान वाचलं आणि कागद माझ्याकडे परत सरकवले.

"चांगलं आहे हो. पण कांडप तर गल्लोगल्ली आहेत. या बाईंना का द्यायचं? यांच्यात असं वेगळं काय आहे?"

"अनुभव," मी म्हणालो.

"अनुभव माझ्या शिपायालाही आहे. सोमवारी समिती बसते. वेगळं काही असेल तर पहिल्या पानावर घाला. नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी हौसाक्काचं मशीन उरलं नसतं. मी घरी आलो. आता मी स्वतःला सांगतो की मी ते तिच्या भल्यासाठी केलं. थोडं खरंही असेल. पण त्या दुपारी लॅपटॉप उघडताना माझ्या मनात हौसाक्का नव्हती. मला एक झकास वाक्य सुचलं होतं आणि ते मला कुणाला तरी दाखवायचं होतं. आन-शपथ वगैरे अडाणी लोकांच्या गोष्टी, असं म्हणून मी पहिलं पान नव्यानं लिहिलं. मागं परिशिष्टही जोडलं, त्यात हौसाक्काचं सगळं प्रमाण ग्रॅममध्ये. मूठभर कारळं म्हणजे किती, ते लिहायला मी घरात स्वयंपाकघरात गेलो, आईच्या डब्यातली बारीक काळी कारळं मुठीत घेतली आणि तराजूवर टाकली. बावन्न ग्रॅम. आमच्या घरात कारळं कशाला असतात, असा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही.

सोमवारी अर्ज मंजूर झाला. मगदूम साहेबांनी माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, "याला म्हणतात वेगळं!"

मंजुरीची पत्रं द्यायला बँकेनं मंगल कार्यालयात महिला मेळावा ठेवला. तीनशे तरी बायका होत्या. गजरे, चहाचा वास, माइकची किरकिर. मी आईला मुद्दाम घेऊन गेलो आणि तिसऱ्या रांगेत बसवलं. 'आता कळेल हिला, मुलगा काय करतो ते.' मी स्वतः पहिल्या रांगेत टाय बांधून बसलो. वैशाखात, टाय.

हौसाक्काला स्टेजवर बोलावलं. ती नवं लुगडं नेसून आली होती. तिच्या हातात फ्रेम केलेलं पत्र देऊन मगदूम साहेब माइककडे वळले.

"या अर्जाचं पहिलं पान मी तुम्हाला वाचून दाखवतो. असा अर्ज मी नोकरीत बघितला नाही."

मी मागं वळून आईकडे बघितलं.

"'गडहिंग्लज शहरातल्या किमान साठ घरांत जी चटणी आमच्या घराण्याची म्हणून खाल्ली जाते, ती प्रत्यक्षात एकाच बाईची आहे,'" मगदूम साहेब खणखणीत आवाजात वाचू लागले. "'सासूच्या पश्चात प्रमाण विचारायला आलेल्या प्रत्येक सुनेला श्रीमती हौसाबाई चौगुले यांनी आपल्या आईचेच प्रमाण सांगितले, अगदी शेवटच्या मूठभर कारळ्यांसह. गेल्या वीस वर्षांत एकाही घराला फरक कळलेला नाही. याहून मोठी चाचणी कुठल्या कंपनीने केली असेल?'"

बँकेच्या चार कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग माझ्या लक्षात आलं की आवाज फक्त पाच माणसांचा आहे.

मागं कुणीतरी 'म्हंजे गं?' म्हणालं. एक बाई हसली आणि लगेच गप्प झाली. बायका एकमेकींकडे बघत होत्या आणि एकमेकींची नजर चुकवत होत्या. प्रत्येकीला वाटत होतं की आपलं गुपित आपल्यालाच माहीत आहे, आणि आता शेजारच्या बाईच्या तोंडावर तेच गुपित दिसत होतं. चौथ्या रांगेतली देसायांची सून उभी राहिली. आवाज मोठा नव्हता, पण सभागृहात तेवढाच होता.

"अक्का, ती कारळं माझ्या सासूबाईंची नव्हती?"

फ्रेम दोन्ही हातांत धरून हौसाक्का तशीच उभी होती. मगदूम साहेबांना काही समजलं नाही, त्यांनी 'चहा घेऊन जा, भगिनींनो' असं माइकवर सांगितलं. निम्म्या बायका चहा न घेता गेल्या. मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. आईची खुर्ची रिकामी होती.

हौसाक्का पायऱ्या उतरून माझ्यापाशी आली.

"आन घेतली हुतीस."

"अक्का, पण मंजूर झालं की. मशीन येणार आता. बँकवाले पहिलंच पान..."

"व्हय," ती म्हणाली. "झालं की मंजूर."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. टायवर तिची नजर थोडी थांबली. मी आयुष्यभर लोकांकडे ज्या नजरेनं बघत आलो होतो, त्याच नजरेनं पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे बघत होतं, आणि ती नजर मला ओळखू आली.

संध्याकाळी वडील कारखान्यातून आले, हातपाय धुऊन ताटावर बसले. त्यांच्या कानावर अजून काही आलेलं नव्हतं. आईनं वाढलं. त्यांनी भाकरी बुडवली, घास घेतला, मान हलवली.

"आईची चव."

आई तव्यापाशी पाठमोरी होती. ती म्हणाली, "अहो, सासूबाई चटणीत कारळं घालायच्या का?"

"कारळं?" वडील हसले. "छे! आईला कारळ्याचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही. तू येण्याआधीच तिनं ती घरातून काढून टाकली होती. का गं?"

"काही नाही. सहज विचारलं."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. वडिलांनी दुसरा घास बुडवला, तो तोंडाजवळ नेला आणि तसाच हातात धरून राहिले. मग त्यांनी फडताळातल्या बरणीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी खाली मान घालून जेवत राहिलो. मी घशाखाली काय उतरवत होतो, मला माहीत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि तरी मी भाकरी मागून घेतली, कारण हात रिकामे ठेवायची भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी गावात सगळ्यांना सगळं कळलं. हौसाक्काशी कुणी भांडायला गेलं नाही. कुणी तिला खोटारडी म्हटलं नाही. नुसतं कुणी तिच्याकडे गेलं नाही. वैशाख संपेपर्यंत ओटा रिकामा होता. ज्या बायकांनी तिच्याकडे कधी प्रमाण विचारलं नव्हतं, त्याही गेल्या नाहीत, कारण आता तिच्या दारात दिसणं म्हणजे आपण विचारलं होतं असं कबूल करणं. बऱ्याच जणी स्टँडवरच्या दुकानात जाऊन नथवालीचं पाकीट घेऊ लागल्या. तिची चव कुणाच्याच सासूची नव्हती, त्यामुळे कुणाला कमीपणा नव्हता.

हौसाक्कानं फ्रेममधलं पत्र काढलं आणि मगदूम साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. ते म्हणाले, बाई, मशीन मंजूर आहे. ती म्हणाली, "घिऊन कांडू काय, खडेमीठ?" हे मला मगदूम साहेबांनीच सांगितलं. त्यांना ते विनोदी वाटलं होतं.

आषाढात मी पुण्यातल्या एका जाहिरात कंपनीत मुलाखतीला गेलो. तिथं आपल्या कामाचा नमुना मागितला, म्हणून मी तेच पहिलं पान दिलं. समोरचा माणूस वाचून खुर्चीत मागं रेलला आणि हसला. 'एकाही घराला फरक कळलेला नाही,' त्यानं मोठ्यानं पुन्हा वाचलं. मला नोकरी लागली. आता मी दर वर्षी पोरांना आराखडे लिहायला शिकवतो, त्याचे मला पैसे मिळतात, आणि त्या पोरांच्या तोंडावरचा शहाणपणा बघून मला शिसारी येते.

पुढच्या चैत्रात मी सुटीवर घरी गेलो होतो. आई सकाळीच देठं काढलेल्या मिरच्यांची पिशवी घेऊन बाहेर पडली, भर रस्त्यानं, सगळ्यांसमोर, हौसाक्काच्या ओट्यावर. वर्षभरात तिथं जाणारी ती पहिली बाई असावी. तासाभरानं पिशवी तशीच भरलेली घेऊन परत आली.

"काय झालं?" मी विचारलं.

"मशीनवर पोतं टाकलंय तिनं. मी म्हटलं, अक्का, कांडू नका, नुसतं प्रमाण सांगा. सासूबाईंचं नको, तुमचं सांगा. चौदा वर्षं मी तुमच्या शब्दावर सगळं भाजून आणत आले, पण किती काय ते तुम्ही दर वर्षी हातानं घालून द्यायचात. मला पाठ नाही."

"मग?"

"म्हणाली, माझ्याजवळ काही राहिलं नाही. तुझ्या पोराला विचार. त्यानं लिहून ठेवलंय."

आई माझ्यासमोर उभी होती. माझा राग तिला आला होता की नाही, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही ती कधी बोलली नाही. मी लॅपटॉप उघडला आणि परिशिष्ट वाचायला सुरुवात केली. संकेश्वरी तीन हजार ग्रॅम. ब्याडगी दोन हजार. धने एक हजार. ती जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेत होती. शेवटच्या ओळीला आलो.

"कारळं, बावन्न ग्रॅम."

तिची पेन्सिल थांबली.

"अक्का मूठ म्हणायची."

"हो. मूठभरच. मी मोजली ना."

"कुणाची मूठ मोजलीस?"

तिनं माझ्या हाताकडे बघितलं आणि बावन्न लिहून घेतलं.

चटणी कडगाव रस्त्यावरच्या दुसऱ्या कांडपावर कांडून आणली. ग्रॅमला ग्रॅम, काहीही इकडचं तिकडे नाही. रंग तोच, वास जवळपास तोच. त्या संध्याकाळी वडील ताटावर बसले. वर्षभर त्यांनी ते वाक्य उच्चारलं नव्हतं. आईनं आमटी वाढली आणि बरणीचं झाकण लावायचं सोडून उभी राहिली. त्यांनी भाकरी बुडवली, घास घेतला, सावकाश चावला. मान हलली नाही.

"ही आईची नव्हे," ते म्हणाले, आणि दह्याची वाटी पुढं ओढून घेतली.